दोघांकडेही होतं

माझ्या दवाखान्याच्या गोठ्यात एक अनोळखी माणूस उभा होता. एक हात वर, हातात मोबाइल, नजर आभाळात... आणि त्याच्या मागे माझी सगळ्यात तापट पेशंट, एक पांढरी शेळी, त्याच्या पिशवीतून लोंबणारी वायर अगदी चवीने चघळत होती.

बारीक पाऊस पडत होता. गोठ्याला चांगलं छप्पर आहे, पण हा पठ्ठ्या बरोबर छप्पर संपतं तिथे भिजत उभा.

"कोण तुम्ही? आणि हे काय चाललंय? देवाला फोन लावताय?"

"शू..." माझ्याकडे न बघताच त्याने ओठांवर बोट ठेवलं. "चारच मिनिटं. आत्ता वरून चाललेत."

माझ्याच गोठ्यात मलाच शू! मी जनावरांची डॉक्टर आहे. माझ्या हातात तेव्हा बैलाला टोचायची सुई होती, आणि ती वापरायचा मोह मला खरंच झाला.

"चार मिनिटांत तुमची वायर शेळीच्या पोटात जाईल," मी म्हटलं. "मग बाहेर कधी येईल ते तिच्या मर्जीवर. बघा, परवडतंय का."

तेव्हा कुठे तो वळला. त्याने वायर बघितली, शेळी बघितली, मग माझ्याकडे बघितलं... आणि हसला. ओल्या केसांतून नाकावर पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. मी त्याला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं. ते राहूनच गेलं.

आमचं तळं नावाला तळं. या काठावरून तो काठ दिसत नाही. मध्ये विखुरलेली बेटं, बेटांवर मेंढ्या, गाई आणि त्यांच्याहून हट्टी माणसं. धक्क्यापासून बोट जरा लांब गेली की मोबाइलचा उपयोग वेळ बघण्यापुरता. वादळ येतंय हे बेटावरच्या लोकांना वादळ आल्यावरच कळायचं. हा इंजिनिअर त्यावरच काहीतरी तोडगा घेऊन आला होता, एका हंगामापुरता. अख्ख्या गावात आभाळ सगळ्यात मोकळं दिसतं ते माझ्या गोठ्यातून, असं त्याच्या यंत्राचं मत पडलं. त्यामुळे तो रोज यायला लागला. मी त्याला 'आकाशवाले' म्हणायची, तो मला 'डॉक्टर'.

"वर आहे तरी काय एवढं?" एक दिवस चहा घेताना मी विचारलं.

"डझनभर छोटे उपग्रह. बुटांच्या खोक्याएवढे."

"एवढेसे? आणि ते वादळ सांगणार?"

"एकेकटा काहीच करू शकत नाही, डॉक्टर." तो पुढे सरकून बसला. एरवी मोजून बोलणारा हा माणूस या विषयावर आला की त्याचे डोळे चमकायचे. "प्रत्येकाला तळ्याचा थोडा भाग दिसतो, आणि खाली पाठवायला वेळही थोडाच मिळतो. म्हणून ते आपसांत ठरवतात. तू उत्तरेचं पाठव, मी बेटांचं पाठवतो... कुणी मुकादम नाही. आपापलं बघून ठरवतात."

"आणि खाली?"

"खाली मोबाइल तेच करतात. एक तुकडा तुमच्या मोबाइलवर उतरतो, दुसरा माझ्या. दोघं जवळ आले की देवाणघेवाण. थांबा, दाखवतोच."

त्याने माझ्या मोबाइलशेजारी आपला मोबाइल ठेवला. दोन कपांच्या मध्ये, अगदी खेटून. माझ्या स्क्रीनवरचं अर्धंमुर्धं तळं एकेक चौकोन करत भरायला लागलं. किनारा आला, बेटं आली, वाऱ्याचे बाण आले. कुणी विचारलं नाही, कुणी मागितलं नाही. ज्याला जे कमी होतं, ते त्याला मिळत गेलं. मी जनावरांच्या दुनियेत कितीतरी नवलं बघितली आहेत, पण त्या दिवशी बघतच राहिले.

"म्हणजे जवळ यावं लागतं," मी म्हटलं.

"हो. म्हणजे... मोबाइलना."

"मी मोबाइलबद्दलच बोलतेय."

त्याचे कान लाल झाले. मग विषय बदलायचा म्हणून तो घाईघाईने म्हणाला, "यातला सगळ्यात सुंदर नियम सांगू? शेजाऱ्याकडे जे आधीच आहे, ते पुन्हा पाठवायचं नाही. काहीच वाया जात नाही."

"कुणी लिहिला हा नियम?"

"मी."

मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. कारण या माणसाने तो नियम फक्त उपग्रहांसाठी लिहिला नव्हता. तो स्वतःही तसाच जगायचा. मी थंडीने कुडकुडतेय हे दिसलं की अंगातलं जाकीट काढून माझ्या खांद्यावर टाकायचा, पण 'थंडी वाजतेय का' असं काही विचारायचा नाही. वाजतेय हे मला माहीतच होतं ना! एका बेटावर गाय अडली होती तेव्हा तो माझ्यासोबत चिखलात गुडघे टेकून बसला. वासरू बाहेर आलं तेव्हा माझ्या आधी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे... आणि तो म्हणाला, "दोरी गुंडाळून ठेवू?"

त्याच महिन्यात एका दुपारी, ऊन स्वच्छ पडलेलं असताना, धक्क्यावरचे सगळे मोबाइल एकदम वाजले: वादळ येतंय. जवळच्या बोटींनी ते ऐकून दूरच्या बोटींना दिलं, त्यांनी आणखी पुढच्यांना. कुरकुर करत का होईना, सगळे परतले. शेवटची बोट बांधून होते न होते तोच वारा असा सुटला की धक्क्यावरच्या पाट्या उडाल्या. माणसं एकमेकांकडे बघत उभी राहिली. सगळी सुखरूप काठावर होती. एक म्हातारा कोळी येऊन याचा हात हातात घेऊन नुसता उभा राहिला, आणि हा खाली मान घालून म्हणाला, "अजून थोडं सुधारायचंय." मी लांबून बघत होते. मला तो माणूस प्रचंड आवडला होता, आता त्यात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग शहरातल्या मोठ्या प्राणी रुग्णालयातून फोन आला. शस्त्रक्रियेचा विभाग सांभाळायला याल का? सोमवारी कळवा.

मी त्याला सांगितलं. अगदी सहज सांगितल्यासारखं, शेळीचा खूर तपासत.

त्याने मोबाइल खिशात ठेवला. मग म्हणाला, "चांगली संधी आहे."

बस. एवढंच. मी खुराकडेच बघत राहिले.

घरी आल्यावर मावशीने ताट वाढलं आणि माझं तोंड बघून समोरच बसली. आई गेल्यापासून मावशीच माझी आई, आणि तिच्यापासून काही लपवणं म्हणजे मांजरीपासून दूध लपवणं.

"घोडं कुठं पेंड खातंय?"

"माझे सगळे पेशंट मुके आहेत गं, मावशी," मी म्हटलं आणि मला रडूच आलं. "त्यांचं मी समजून घेते, ते माझं कामच आहे. पण घरीदारी आणखी एक मुका कशाला? हंगाम संपला की तो जाणार. मग तो गोठा रिकामा बघत बसायची माझ्यात ताकद नाही. त्यापेक्षा मीच जाते."

"बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं," मावशी म्हणाली. मग माझ्या ताटात आणखी भात वाढून ती म्हणाली, "आणि तू काय बोललीस त्याला?"

"मी? मी तर दिवसभर त्याच्याशी बोलत असते!"

"हो का," मावशी म्हणाली आणि आमटी आणायला उठली.

शनिवारी शेवटची मोठी चाचणी होती. प्रत्येक बोटीत एकेक मोबाइल, सगळ्या बोटी तळ्यावर पसरलेल्या. आमची बोट नेहमीप्रमाणे मेंढ्यांच्या बेटाकडे निघाली. बोटीत मी, आणि सुकाणूवर बोटवाले काका, माझ्या वडिलांच्या वयाचे. टोपी डोळ्यांवर ओढून बोट हाकण्यात त्यांचा हातखंडा. दोन लंगड्या मेंढ्यांना पट्टी बांधून आम्ही परत फिरलो आणि धुकं उतरलं. असं दाट की काकांची टोपीही दिसेना.

"घाबरायचं कारण नाही," मी म्हटलं. "आता नकाशा आहे. ते उपग्रह धुक्यातूनही बघतात."

मी मोबाइल काढला. नकाशा अगदी सुरेख आला होता. सगळं तळं होतं, सगळ्या बोटी होत्या. फक्त एक चौकोन कोरा होता. आम्ही होतो तेवढाच.

पुढच्याच क्षणी बोट खरखरली आणि वाळूच्या उथळ पट्ट्यावर चढून बसली.

काकांनी वल्ह्याने ढोसून बघितलं. बोट ढिम्म हलेना. "वारा फिरला की पाणी या बाजूला चढतं, तेव्हा निघेल," ते म्हणाले, आडवे झाले आणि टोपी तोंडावर ओढली. मी बिस्किटांचा पुडा उघडला. बिस्किटं ओली झाली होती आणि मला शहरातल्या त्या रुग्णालयाचा नाही, त्या लाल कानांचा विचार छळत होता.

किती वेळ गेला कोण जाणे. धुक्यातून हाक आली.

"डॉक्टर! ...डॉक्टर!"

त्याचा आवाज एवढा मोठा असू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. एक छोटी होडी धुक्यातून पुढे आली. तो पोटरीभर पाण्यात उतरला आणि बुटांसकट चालत आमच्या बोटीपाशी आला. धापा टाकत होता.

"तुम्ही बऱ्या आहात?"

"बरी आहे. बिस्कीट घ्या. आम्ही कसे सापडलो?"

"सगळ्या बोटी नकाशावर होत्या, तुमचीच नव्हती. म्हणजे तुम्ही कोऱ्या चौकोनातच असणार." त्याने बोटीची कड घट्ट धरली. "चूक माझी आहे. माझ्या नियमाची. हा चौकोन दोन उपग्रहांना दिसला होता. दोघांकडेही होता. याने बघितलं, त्याच्याकडे आहे... तो पाठवेल. त्यानेही तेच बघितलं. दोघंही गप्प बसले."

"दोघांकडेही होतं?" मी हळूच विचारलं.

"दोघांकडेही. आणि खाली कुणालाच मिळालं नाही."

पाणी बोटीला थबथब लागत होतं. मावशीचा प्रश्न आता मला नीट ऐकू आला. मी दिवसभर बोलत असते खरी. पण हे... हे मी तरी कुठे पाठवलं होतं?

"डॉक्टर," तो म्हणाला, "मी येताना वाटेत सारखा विचार करत होतो. मी इथेच राहतोय. या उपग्रहांचं केंद्र कायमचं इथे ठेवायचं ठरलं, मी हो कळवलं. त्याला पंधरवडा झाला."

"पंधरवडा! आणि मला सांगितलं नाही?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. सगळ्या धक्क्याला माहीत आहे."

टोपीखालून आवाज आला, "मला माहीत होतं. मला वाटलं, यानेच सांगितलं असेल."

"काका, तुम्ही झोपलाय ना?"

"झोपलोय, झोपलोय."

तो हसला नाही. त्याने माझ्याकडे सरळ बघितलं. पापण्यांवर धुक्याचे थेंब होते. "संधी चांगली आहे, असं मी म्हणालो... कारण ती खरंच चांगली आहे. तुमच्याइतके चांगले हात मी बघितले नाहीत. त्यापुढचं मी बोललो नाही. तुम्हाला ते दिसतच असणार, असं वाटलं. मला तुम्ही आवडता. गोठ्यात त्या दिवशी सुई घेऊन उभ्या होतात, तेव्हापासून. तुम्ही गेलात तर मी आभाळात कशासाठी बघायचं, ते मला कळणार नाही."

मला एवढं काही एकदम ऐकायची सवयच नव्हती. मी पुन्हा बिस्किटांचा पुडाच पुढे केला. मी, जी बैलालाही दम देते!

"इथे पोचलं बरं का," टोपीखालून काका म्हणाले. "आता तूही काहीतरी बोल, पोरी. पाणी वाढायला लागलंय."

"मला पण," मी म्हटलं. मग वाटलं, एवढ्याने भागणार नाही, अर्धवट पाठवायचं नाही. "मला तू आवडतोस. त्या दिवशी धक्क्यावर मान खाली घालून उभा होतास ना, तेव्हा मी मनात ठरवूनच टाकलं होतं. शहरात जायची मला हौस नव्हती, तुझ्याशिवाय इथे राहायची भीती होती. माझी बेटं सोडून मी कुठे जाणार? सोमवारी नाही म्हणून कळवते."

त्याचे कान पुन्हा लाल झाले. त्याने बोटीची कड सोडून माझा हात धरला. बोटं बर्फासारखी गार होती, पण मी सोडली नाहीत.

"नियम बदलावा लागेल," थोड्या वेळाने तो म्हणाला. "समोरच्याकडून मिळालं असं येईपर्यंत पाठवत राहायचं. दोनदा गेलं तरी चालेल."

"मग पुन्हा पाठव."

"मला तू आवडतेस," तो म्हणाला.

"मघाशी 'तुम्ही' होतं."

"सुधारणा केली."

काका खोकले. बोट वाळूवरून सुटली होती आणि आम्हा दोघांना पत्ताच नव्हता.

धक्क्यावर मावशी शाल पांघरून उभी होती, पायात वेगवेगळ्या चपला. आधी तिने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्या भिजलेल्या बुटांकडे, मग आमच्या हातांकडे.

"काय झालं रे?"

मी सांगायला तोंड उघडलं. त्यानेही. आम्ही एकदमच बोललो, तेच आणि तेवढंच. मावशीला एकच बातमी दोन तोंडांनी ऐकावी लागली. तिने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "परत सांगा."