लिहून देणारा

पेंटरकाकांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. बायको गेली, शिडीवर चढवेना, तेव्हा ब्रश ठेवला आणि इस्पितळात जाऊन रोग्यांची पत्रं लिहून द्यायला लागले. घरी भिंतींशी तरी किती बोलणार? लोक म्हणत, काकांचं अक्षर म्हणजे मोती. काका म्हणत, "मोती सगळे सारखेच. माझा ळ बघा." त्या ळचं डावं पोट जरा फुगीर, आणि शब्द संपताना वरची रेघ किंचित उचललेली.

खिडकीजवळच्या आंधळ्या आजी दर आठवड्याला धाकट्या भावाला पत्र सांगत. महिन्याभराने पहिलं उत्तर आलं. काकांनी पाकीट फोडलं आणि कागद खिडकीच्या उजेडात धरला.

अक्षर त्यांचंच होतं. तोच ळ. तीच उचललेली रेघ.

"काय म्हणतोय?" आजींनी विचारलं.

"खुशाल आहेत. भाऊ काय करायचे हो?"

"मागावर विणायचा. त्याला कुठलं लिहिता येतंय? तो आहे त्या इस्पितळातही तुमच्यासारखंच कोणी भलं माणूस लिहून देतं."

काकांनी कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? उलट ते पोस्टमनची वाट बघू लागले. पण दर पत्रागणिक तो ळ थोडा अधिक थरथरत होता. काका घरी येऊन कागदभर ळ काढून बघत. त्यांचा हात अजून स्थिर होता.

शेवटी धीर करून त्यांनी आजींच्या पत्राखाली बारीक अक्षरात एक ओळ घातली : 'लिहून देणाऱ्यास नमस्कार. आपण कोण?'

उत्तराच्या तळाशी तितकीच बारीक, वाकडीतिकडी ओळ आली : 'बोटं वळत नाहीत आता. विचारलंत, बरं वाटलं. मला कोणी पत्र लिहीत नाही.'

पुढच्या पत्राचं अक्षर परकं होतं. गोल, डावीकडे कललेलं. 'आमचे लिहून देणारे काका गेले. गुरुवारी दुपारी, रोग्याच्या खाटेशी बसल्याबसल्या.'

काकांनी तेवढं गाळून बाकीचं वाचलं.

"आवाज का बसला तुमचा?" आजी म्हणाल्या.

"काही नाही. खुशाल आहेत."

त्यांनी उत्तराला कागद घेतला. पेन बोटांत नीट बसेना.

समोर नवी सिस्टर फळा पुसत होती. आज तिचा पहिलाच दिवस. गोल, डावीकडे कललेल्या अक्षरात तिने तारीख लिहिली, आणि तिच्याखाली वार.

गुरुवार.