गारोबाचा घाम

घाम येत होता तोवर गारोबा ठणठणीत होता. घाम थांबला आणि त्याला ताप भरला! हे काय भलतंच, म्हणून शलाका भारंबे अंगणात आ वासून उभी होती.

गारोबा म्हणजे भुसावळच्या निंबोणी गल्लीतला यंत्रमानव. उन्हाळे फारच कडक होऊ लागले, तेव्हा गल्लीने मिळून त्याला आणलं. पोटात ताकाची बरणी, पाठीवर मातीची घागर. दुपारी तो दारोदार फिरे आणि कुणी ताक नको म्हटलं तर त्याच्या दारातून हलतच नसे. असा चिवट! मागच्या वर्षी शाळेतून येताना शलाकाला भोवळ आली, तेव्हा तिला सावलीत नेऊन, ओल्या फडक्याने पुसून, तरतरी आल्यावर घोटघोट पन्हं पाजणारा हाच. ते उपकार ती विसरली नव्हती.

खानदेशात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पाण्याच्या घागरीची पूजा होते. मग जो घागर पाठीवर घेऊन गल्लीभर राबतो, त्याचं कौतुक नको? म्हणून आखाजीच्या आदल्या संध्याकाळी शलाकाने फाटकाचा उरलेला लालभडक ऑइलपेंट घेतला आणि गारोबाची घागर चकाचक रंगवली. वर पिवळी वेलबुट्टीही काढली.

आणि आज, ऐन सणाच्या दुपारी, गारोबा अडखळला. त्याच्या छातीवरचा हिरवा दिवा लाल झाला.

"ताई, माझा मेंदू तापतोय," तो अडखळत म्हणाला. "फार तापला तर माझ्या सगळ्या आठवणी पुसल्या जातील." एवढं बोलून त्याने ताकाचा पेला पुढे केला. "तू सकाळपासून झोके घेतेयस, घामाने निथळतेयस, आणि नुसतं पाणी पितेयस. आधी ताक घे."

मग तो गप्प झाला.

"आत्याऽऽ! लवकर ये!"

वैजूआत्या आखाजीसाठी माहेरी आली होती. ती शास्त्रज्ञ. गारोबासारखे यंत्रमानव गार कसे ठेवायचे, हेच तिचं संशोधन. आमरसाने माखलेल्या हातांनीच ती धावत आली आणि घागर बघून तिने कपाळाला हात लावला. कपाळही पिवळं झालं.

"अगं बाई, याचा घामच कोंडलास की!"

दोघींनी गारोबाला ओसरीवर ढकललं. आत्याने आईचं जुनं सुती पातळ भिजवून घागरीभोवती गुंडाळलं आणि समोर पंखा लावला. पातळ वाळू नये म्हणून शलाका तांब्या तांब्या पाणी आणू लागली. तिसऱ्या खेपेला तिच्या पोटरीत गोळा आला आणि ती मटकन खाली बसली.

आत्याने गारोबाच्या हातातला पेला तिला दिला. "हळूहळू पी. आणि ओल्या तळव्यावर फुंकर मार बघू."

"गार लागलं!"

"का? तर ओलाव्याची वाफ होऊन ती उडून गेली. याला म्हणतात बाष्पीभवन (द्रवाची वाफ होणं). वाफ व्हायला उष्णता लागते, ती पाण्याने तुझ्या तळव्यातून घेतली. घागरीला अगदी बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी झिरपतं, उडतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. गारोबाच्या मेंदूची उष्णता नळीतून याच पाण्यात येते."

"आणि मी छिद्रंच बुजवली," शलाका रडवेली झाली. "मग आता हे ओलं पातळ त्याच्याऐवजी घाम गाळतंय?"

"शाब्बास! तूही घागरच आहेस, शलू. पण घाम चाटून बघ, खारट लागेल. पाण्याबरोबर मीठही जातं. खूप घाम गाळून नुसतंच पाणी ढोसलं, तर पाणी भरून येतं, मीठ येत नाही. मग असे गोळे येतात. म्हणून ताकात चिमूटभर मीठ, पन्ह्यात मीठ आणि गूळ. काकडी, कलिंगड म्हणजे तर चावून खायचं पाणी!"

शलाकाचं लक्ष मात्र दिव्यावर होतं. लाल. अजून लालच. आईही हातातलं काम टाकून ओसरीवर आली. बऱ्याच वेळाने दिवा पिवळा झाला, मग हिरवा.

"गारोबा, मला ओळखलंस?"

"ताई," गारोबा म्हणाला, "ताक संपवलंस का?"

शलाकाला रडू आणि हसू एकदमच आलं. तिने रिकामा पेला उलटा करून दाखवला आणि त्याला घट्ट मिठी मारली. "तू होतास म्हणून मी आहे रे," ती म्हणाली.

पण रंग छिद्रांत पार मुरला होता. ती घागर आता कामाची नव्हती. तेवढ्यात आई घरात गेली आणि पूजेची नवी कोरी घागर घेऊन आली.

"आई, ही तर दान द्यायची ना?"

"मग? ह्याच्याहून चांगला माणूस कुठे शोधू?" आई म्हणाली.

आत्याने घागर बसवली. शलाकाने तिच्यावर रंगाऐवजी हळदीकुंकवाची फक्त पाच बोटं उमटवली. आत्या म्हणाली, "शाळेच्या भिंतींनाही असा घाम आणता येईल का, याचा विचार चाललाय आमचा. मोठी झालीस की ये मदतीला."

"मोठी कशाला? सुट्टीतच येते!"

ऊन कलायच्या आत गारोबा पुन्हा गल्लीत निघाला. शलाका फाटकाशी उभी राहून बघत होती. नव्या घागरीवर हळूहळू ओल चढली आणि त्याच्या पाठीला घाम फुटला.