सान्वीच्या वाढदिवसाची हवा

पेणकरपाड्याच्या नाक्यावर लवूचं टायर-पंक्चरचं दुकान आहे, म्हणजे वर एक पत्रा, खाली एक बाकडं आणि मधोमध लवूचा तोरा. त्या तोऱ्यात आज भर पडली. वीज गेली की हात चोळत बसायला लावणाऱ्या जुन्या कॉम्प्रेसरला रजा देऊन त्याने पेट्रोलवर चालणारा, नवाकोरा आणला. आणला तोही नातीच्या वाढदिवसाला, आणि दुकानात नाही, थेट घराच्या दारात. टेम्पोतून उतरवताना तो आणि टेम्पोवाला दोघेही घामाघूम झाले.

"अहो, हे धूड इथे कशाला?" त्याच्या बायकोने, मंदाने विचारलं.

"पहिली हवा सान्वीच्या फुग्यांना. मग गिऱ्हाइकांना."

सान्वी आज दोन वर्षांची होत होती आणि अजून तिने पाऊल टाकलं नव्हतं. उभी केली की मटकन बसायची. डॉक्टर म्हणाले होते, पायांत काही दोष नाही, चालेल कधीतरी. लवूला त्या 'कधीतरी'चा भयंकर राग होता. यंत्रात बिघाड असला तर सापडतो. इथे बिघाडच नाही, मग हात घालायचा कुठे? रोज झोपायच्या आधी तो तिची गुबगुबीत पावलं हातात घेऊन बसायचा आणि मुकाट्याने उठायचा.

पण आज यंत्राचा दिवस होता. लवूने तेल पाहिलं, टाकीखालचा हवा सोडायचा कॉक उघडा ठेवला, चोक ओढला आणि दोरीला हिसका दिला. दोन हिसके फुकट गेले. मग इंजिन असं काही गरजलं की शेजारची पोरं टाळ्या पिटत धावली. नवं मशीन आधी थोडा वेळ मोकळं फिरवायचं, लगेच दाब द्यायचा नाही, हे तो सुनेला, मिनलला, मास्तरांच्या थाटात समजावू लागला.

"आणि हवा कुठली भरते, बाबा?"

"कुठली म्हणजे? दुबईची? इंजिन पट्टा फिरवतंय, पट्टा पिस्टन हलवतोय, पिस्टन आपल्या वाडीतलीच हवा दाबून टाकीत कोंबतोय. यात काय जादू नाय."

त्याने कॉक बंद केला. दाबाचा काटा चढत गेला आणि टाकी भरताच इंजिन आपसूक मंद झालं. लवूचा चेहरा फुलला. नळी तळहातावर धरून त्याने हवा सोडून पाहिली.

वाडीतली हवा म्हणजे गटार, वडे आणि आता पेट्रोलचा धूर. ही मात्र थंडगार होती आणि तिला कसलाच वास नव्हता. लवूने हात हुंगला. हाताचा रोजचा ग्रीसचा वासही गेला होता.

इंजिन बंद करून मशीन सावलीत सरकवावं म्हणून त्याने दांडा धरला, तर ते एका हातात वर आलं. हवा भरल्यावर वजन किंचित वाढतं, घटत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने मशीन खाली ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा उचललं. साठीच्या माणसाला असं काही जमलं तर तो चौकशी कशाला करेल? लवू खूश झाला.

नळी दारातून आत आली, दाब कमी केला, फुगे भरू लागले. भरलेला प्रत्येक फुगा हातातून सुटून छताला जाऊन बसला.

"लवूभाई, गॅस भरा है क्या इसमें?" शेजारच्या हंसाबेननी विचारलं.

"साधी हवा है, बेन," लवू म्हणाला. आपण खरं तेच बोललो, तरी आपल्याला खोटं बोलल्यासारखं का वाटतंय, हे त्याला कळेना.

मंदाच्या हातून गाठ मारता मारता एक फुगा सटकला आणि त्यातली सगळी हवा सान्वीच्या तोंडावर फुर्रर्र गेली. सान्वी आ वासून खदखदा हसली. मग सगळेच हसले. कुणीतरी मोबाइलवर गाणी लावली. घर कसं भरून गेलं होतं.

औक्षणासाठी मंदाने पाटाभोवती बारीक ठिपक्यांची दाट रांगोळी काढली होती. मिनलने सान्वीला पाटावर बसवलं. मंदाने ओवाळलं.

सान्वी उठली.

कुणी धरलं नव्हतं. हात पसरून तिने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. थेट आजोबांच्या दिशेने.

एकच कल्ला उडाला. हंसाबेन नाचायला लागल्या, मिनल तोंडावर हात ठेवून रडत होती. लवूच्या डोळ्यांना धार लागली. इतका आनंद त्याला मुलगा झाला तेव्हाही झाला नव्हता.

त्याने नातीला कवेत घेतलं. तिच्या खांद्यावरून त्याला पाट दिसला.

ती रांगोळीवरूनच चालत आली होती.

एकही ठिपका हललेला नव्हता.

"बाबा, खाली सोडा ना तिला," मिनल डोळे पुसत म्हणाली. "परत चालू दे."

"सोडतो," लवू हसतच म्हणाला. सान्वीच्या फ्रॉकचा पट्टा त्याने आपल्या मनगटाला घट्ट गुंडाळला. "तू आधी खिडक्या लाव."