ताठ बोटांचे हातमोजे

"पासपोर्ट माझा गेला आणि चोर ठरवलं माझ्याच खोलीतल्या मैत्रिणीला," नर्स खुर्चीच्या कडेला टेकत म्हणाली. "उद्या माझं विमान आहे. तिला तर आजच कामावरून काढतायत."

वहिनी खासगी गुप्तहेर. सोबतीला त्यांचे दीर, भाऊजी. तर्कात मागे, चहात पुढे.

अतिदक्षता विभागाचं काम कबूल करून भरती एजंटाने हिला परदेशात आणलं आणि वृद्धाश्रमात जुंपलं होतं. करार संपला, आता तिला घरी जायचं होतं. एजंटाची दलाली मात्र नर्स टिकली तरच चालू राहणार होती.

हॉस्टेलच्या खोलीत कपाटाचं कुलूप तोडलेलं. कचऱ्याच्या डब्यात रबरी हातमोज्यांची जोडी, दहाही बोटं ताठ.

"नवेच दिसतात," भाऊजी म्हणाले.

"आतून घामेजलेत," वहिनी म्हणाल्या.

एजंटसाहेब हसतमुख. सगळ्या मुली लेकींसारख्या, हे त्यांनी तीनदा सांगितलं. नाव एकीचंही घेतलं नाही. त्या खोलीत आपण कधी गेलोच नाही, म्हणाले. "आणि हातमोजे कोण घालतं? नर्सच ना?"

मेट्रनबाई ड्रेसिंग सोडून आल्या. आपल्याकडे प्रत्येक कपाटाची किल्ली असताना कुलूप कशाला तोडू, असं विचारत त्यांनी हातमोजे काढले आणि त्यांचा गोळा डब्यात टाकला. मैत्रीण एका आजोबांचं अंग पुसत होती. बोलताना रडू फुटलं, तरी तिच्याही हातमोज्यांचा तसाच गोळा झाला.

वहिनींनी सगळ्यांना एकत्र बसवलं.

"नर्स हातमोजा मनगटाकडून उलटा सोलते आणि दुसरा त्याच्यावर गुंडाळते. बाहेरची घाण हाताला लागू नये म्हणून. रडतानाही तिचा हात चुकत नाही. चोराने हे हातमोजे बोटांची टोकं धरून ओढले. ज्याने आळ नर्सवर यावा म्हणून हातमोजे घातले, त्याला ते काढता येत नव्हते. साहेब, ते तुम्ही."

"हा काय पुरावा झाला?"

"पुरावा आत आहे. तुमचा घाम, तुमचे ठसे. भाऊजी, पोलिसांना फोन लावा."

साहेबांचं हसू मावळलं. "चोरला नाही हो, जपून ठेवला. हिला आणायला किती खटपट केली मी!"

मेट्रनबाईंनी मैत्रिणीला जवळ ओढलं. "तू कुठेही जायची नाहीस."

फोन कानाला लावलेले भाऊजी एकदम वळले. "लेकींसारख्या ना? मग हिचं नाव सांगा."

साहेबांनी बॅगेतून पासपोर्ट काढला आणि नाव वाचायला उघडला.

नर्सने खोक्यातून नवे हातमोजे ओढून चढवले. मगच तो त्यांच्या हातातून घेतला.