राहिलेलं सीतादही

“पुसलं तर याद राख, साकेत! माह्या घरात बसून माह्याच वावरातली बाई हाकलून राह्यला तू?”

“आई, बाई नाही ते. चूक हाय. कॉम्प्युटरची चूक!”

“चूक माही हाय. त्या डबड्याच्या अंगावर कायले ढकलतं?”

पौषातली दुपार होती. अंगणात तुरीच्या शेंगा वाळत पडल्या होत्या. ऊन लागून एखादी तडकली, की तेवढाच काय तो आवाज घरात येई. मैनाबाई पदर खोचून दारात उभी होती आणि आत साकेतचं बोट लॅपटॉपच्या एका बटणावर टेकलं होतं. पुण्याहून फोन आला होता. चार वाजायच्या आत मैदान साफ करून पाठव, नाहीतर गावीच राहा. भिंतीवरचं घड्याळ साडेतीनच्या पुढं सरकलं होतं.

साकेत तिचा एकुलता एक. पुण्यात व्हिडिओ गेम बनवायचा. संक्रांतीला रजा मिळेना म्हणून यंदा कामच उचलून दिग्रसच्या एसटीनं घरी आला होता. काम म्हणजे लढाईचा खेळ. डोळ्यांवर एक काळा डबा बांधायचा, की घरदार नाहीसं होतं आणि आपण नवे शिपाई होऊन कवायतीच्या मैदानात उभे राहतो. हातात बंदूक. समोर उस्ताद. रांगायचं, धावायचं, पुठ्ठ्याची बारा माणसं गोळ्या घालून पाडायची. बाराही पडली की फाटक उघडतं आणि खरी लढाई सुरू होते. सगळं चित्र तयार होतं, फक्त आवाज घालायचे राहिले होते. उस्तादाचे हुकूमसुद्धा अजून अक्षरांतच उमटत होते.

आणि मैदान कुठलं, तर मैनाबाईचं वावर. दिवाळीत साकेतनं ड्रोन उडवून बांधाबांधाचे, धुऱ्याधुऱ्याचे फोटो घेतले होते. तेव्हा वावरात गुलाबी अळीनं पोखरलेली पराटी, म्हणजे कपाशी, उभी होती. साऱ्या जिल्ह्यात तेच. बोंड फोडावं तर आत कापसाऐवजी किडका काळा गोळा. साकेतनं चित्रातली पराटी काढून टाकली, काळी माती तेवढी ठेवली. माणूस तर त्या फोटोंत एकही नव्हतं.

तरी मैदानावरच्या फळ्यावर उभ्या माणसांचा आकडा यायचा तेरा.

पुण्याच्या ऑफिसातली पोरं खेळून पाहत. बारा पुठ्ठे पडत, फाटक काही उघडेना. शोधता शोधता त्यांना ती दिसली. पार टोकाला, धुऱ्यावर, पाच दगडांपाशी उभी. कंबरेला कापूस वेचायची ओटी बांधलेली, ओटी रिकामी. पोरांनी तिच्यावर गोळ्या झाडल्या. गोळ्या तिच्यातून पार जात. ती हलत नव्हती. कोणाकडं बघतही नव्हती, तोंड पदराआड. साकेतला वाटलं, कुणीतरी चेष्टा केली असेल. काल दुपारी त्यानं हसत हसत आईच्या डोळ्यांवर डबा बांधला. “पाह्य, आपलं वावर.”

मैनाबाईनं पाहिलं. आभाळ एवढं मोठं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. वावराचा प्रत्येक खड्डा ओळखीचा, पळसाच्या झाडाचा वाकडा बुंधासुद्धा. तिनं पायानं चाचपलं, फरशी लागली, तरी डोळे म्हणत होते, माती आहे. मग तिची नजर धुऱ्यावर गेली.

“भुरी…” एवढंच ती म्हणाली. डबा काढून लेकाच्या हातात दिला.

भुरीबाई तांड्यावरची. वीस वर्षं वेचणाऱ्या बायांची मुकादमीण. कोणी कोणती पात धरायची, म्हणजे कापसाच्या कोणत्या ओळी कोणी वेचायच्या, हे तीच ठरवी. मालकिणीचंही त्यात चालू देत नसे. आणि वेचणीच्या पहिल्या दिवशी सीतादही झाल्याशिवाय एका बाईला बोंडाला हात लावू देत नसे. धुऱ्यावर पाच दगड मांडायचे, दहीभाताचा निवद दाखवायचा, मग ओट्या बांधायच्या. “याडी जेवली का आमी निंगालो,” म्हणायची. याडी म्हणजे आई. तिच्या लेखी ही काळी माती.

गेल्या दसऱ्याला बाया घेऊन ती धुऱ्यावर आली, तर मैनाबाई रिकाम्या हातानं उभी. अळी पाहून डोकं फिरलं होतं तिचं.

“कायचं सीतादही? किड्यायले दही चारू काय?”

“बाई, अशानं हात लावता येत नाही.”

“नको लावू! नीघ माह्या वावरातून. तुह्यावाचून अडलं नाही माहं. मी वेचीन एकटी.”

भुरीबाईनं आपली ओटी सोडली नाही. पाच दगडांकडं पाहिलं, मैनाबाईकडं पाहिलं आणि बाया घेऊन तांड्याकडं वळली. आठव्या दिवशी ती गेली. ताप आलता, म्हणाले. मैनाबाई मातीला गेली नाही. बोलावणं आलं नव्हतं, ही सबब. खरं म्हणजे तोंड नव्हतं.

आणि आता साकेतचं बोट त्या बटणावर.

“एकदा हाकललं म्या तिले,” मैनाबाई म्हणाली, “तू दुसऱ्यांदा हाकलू नको. थांब जरा.”

ती स्वयंपाकघरात गेली आणि कटोरीत दहीभात कालवून घेऊन आली. साकेत हसला. बरं नव्हतं ते हसणं, घाबरलेलं होतं.

“आई, त्याच्यात कटोरी दिसत नसते. हे मुठीत धर दोनी, याच्याबिगर हातही दिसत नाहीत तिथं. अन् दिसले तरी शिपायाचे. बंदूकवाले.”

“बांध म्हणलं ना.”

मुठीतली यंत्रं तिनं घेतलीच नाहीत. डबा डोळ्यांवर चढला आणि घर गेलं.

मैदान शांत होतं. पुठ्ठ्याची बारा माणसं ओळीनं उभी, त्यांच्या सावल्या तिच्या पायांपर्यंत आलेल्या. तिनं खाली पाहिलं. बंदूक नव्हती. हात होते, तिचेच. हिरव्या बांगड्या, बोंडाच्या काट्यांनी चिरलेली बोटं, डाव्या अंगठ्यावर विळ्याचा जुना वण. हातात कटोरी. दह्याचा आंबूस वास आणि त्याच्या मागून तापलेल्या मातीचा वास. ती चालत गेली. खोली दहा पावलांची होती. ती किती चालली, तिला कळलं नाही.

धुऱ्यावर तिनं गुडघे टेकले. पाची दगडांवर एकेक घास ठेवला. दगड उन्हानं पोळत होते.

मान वर केली, तर वावर पांढरं होत होतं. काळ्या मातीतून पराटी उठत होती, बोंडं उमलत होती, निर्मळ, एकालाही अळी नाही, पार आभाळाला टेकेपर्यंत. असा कापूस तिच्या आज्याच्या काळातही कोणी पाहिला नसेल. मैनाबाईचे हात आपोआप जोडले गेले. भुरीबाई तिच्याजवळ आली. रागावलेली नव्हती. वाकून तिच्या कानात एकच गोष्ट बोलली आणि पाठ फिरवून पराटीत उतरली. दोन्ही हातांनी वेचू लागली.

मैनाबाईनं डबा काढला. ती खोलीच्या पार कोपऱ्यात गुडघ्यांवर होती. कटोरी रिकामी. फरशीवर शीतही नव्हतं.

“कोणाचा आवाज आला तो? तू कोणाशी बोलून राह्यलीस?” साकेतचा आवाज चिरकला. “मी… मी आवाज घातलाच नाही अजून.”

“मी कुठं बोलली? ऐकून राह्यली होती.”

“आई, इकडं पाह्य!” लॅपटॉपवरचा फळा तो बोटानं दाखवत होता. तेराचे चौदा झाले होते. सतरा. एकवीस. धुऱ्यावरून बाया उतरत होत्या, एकामागं एक, पाठमोऱ्या, ओट्या बांधलेल्या. उतरली की आपापल्या पातीत वाकायची. “कोण हायेत ह्या? मी नाही काढल्या ह्या! मी पुसतो… सगळंच पुसतो. एवढं वावरच काढून टाकतो!”

मैनाबाईनं पडद्याकडं पाहिलं नाही. उठली, दांडीवरचं जुनं लुगडं ओढलं आणि त्याची घडी कंबरेला आवळून ओटी बांधायला लागली.

“आई, काय करतं? काहून बांधतं ते?… सगळ्या पाती भरल्या, आता थांबल्या त्या. एकच रिकामी हाय. ऐक ना, मी पुसून राह्यलो!”

तिनं ओटीची गाठ ओढून पाहिली, घट्ट बसली होती. मग लेकाच्या डोक्यावरून हात फिरवून हळू म्हणाली,

“पुसू नको, बापू… ते रिकामी पात भुरीनं माह्यासाठी ठेवली हाय.”