खरवडलेल्या तोंडाची बाई

कंदील बारीक करा रे जरा, डोळ्यांना लागतो. हां. ही आपल्या चाळीतल्या गंगाधर पेंटरची गोष्ट. त्यानंच मला सांगितलेली, आणि शेवट तर मी डोळ्यांनी पाहिलाय.

छप्पन सालचा जानेवारी. परळच्या आमच्या हौशी मंडळानं नाटक बसवलं होतं. त्यात शेठचा दिवाणखाना दाखवायचा, म्हणून मागचा पडदा रंगवायला गंगाधरकडे दिलेला. नमुना बघायला तो गिरगावातल्या एका बंद हवेलीत जायचा. काय तो दिवाणखाना! छताला भिडलेले आरसे, खांबांवर सोन्याचा वेल, हंड्या, झुंबरं. आणि एका भिंतीवर गाणाऱ्या बायकांची रांगच्या रांग रंगवलेली. टोकाच्या बाईचं तोंड मात्र खरवडून काढलेलं. रखवालदार धोंडू सांगायचा, तिच्यावरची हवेलीच्या शेठची मर्जी फिरली आणि त्यानं स्वतः सुरी चालवली.

गंगाधर चित्रकला रीतसर शिकलेला. जुनं जसंच्या तसं उतरवणं त्याला नको होतं. चार रेघा, दोन रंग, बस्स. बायकांना तर तोंडंच नाहीत, नुसते आकार. पण जमेना. नाटक बसवणारा जगदीश म्हणाला, हा दिवाणखाना आहे की इस्पितळ? गंगाधर कागदामागून कागद फाडत होता. त्यालाही ते मेल्यासारखंच दिसायचं.

संक्रांत झाली आणि मुंबई केंद्राकडे जाणार म्हणून जाहीर झालं. गिरगावात दगडफेक, गोळीबार, मग कर्फ्यू. त्या रात्री गंगाधर हवेलीतच अडकला. धोंडू खाली दार लावून पडला. वर हा एकटा. रस्त्यावरून पोलिसांची लॉरी जायची, ती पण यायची थांबली. गंगाधर वैतागून पुन्हा काढायला बसला.

"हे काय केलंस?"

मागून. बाईचा आवाज, घसा बसलेला. त्याला वाटलं, धोंडूची बायको. न वळताच तो तिरसटपणे म्हणाला, नवी रीत आहे बाई, यात तोंड काढत नाहीत.

आणि तो रेघा ओढतच राहिला.

"इतक्या वर्षांनी चितारी आला... आणि त्यानं बाकीच्यांचीही तोंडं पुसली."

गंगाधरनं मान वर केली. समोर आरसा. आरशात तो. कंदील. मागची भिंत. रांगेतल्या सगळ्या बायका... पाठ फिरवून बसलेल्या.

तो वळला. भिंतीवर त्या नेहमीसारख्याच, समोर बघत. टोकाची जागा...

रिकामी.

सकाळी धोंडू वर आला. त्याची बायको महिनाभर गावीच होती.

पडद्यावर त्या बाईचं तोंड काढायचं गंगाधरनं ठरवलं. रोज काढायचा. सकाळी तेवढीच जागा कोरी. ना डाग, ना ओरखडा. ती दिसायला कशी होती, हे सांगणारं तरी कोण उरलं होतं? एक दिवस त्यानं ब्रश आपटला आणि जागा तशीच सोडली.

दंगल निवली, नाटक लागलं. पडदा टांगून झाला. पहिल्या अंकाच्या आधी नाटकात काम करणारी कौसल्या वर बघत उभी राहिली. आम्हीही बघितलं. शिडीशिवाय हात पोचणार नाही तिथं, त्या कोऱ्या चेहऱ्यावर... ओठांचा ठसा. विड्यानं रंगलेला.

गंगाधर शिडीवर चढला. बोट लावलं.

ओला होता.