दुरुस्त केलेलं बटण

"वहिनी, आज दुपारी चारला माझा परवाना रद्द होणार," वायरमन दारातूनच म्हणाला. "आणि माझं चुकलं काय, तेच मला कळत नाहीये."

खासगी तपासाच्या धंद्यात वहिनींचं नाव होतं. जोडीला त्यांचे धाकटे दीर, भावजी. भावजींना संशय पटकन यायचा आणि बहुतेक वेळा भलत्याच माणसाचा यायचा.

हकिगत साधी होती. म्हातारे कातारी जुन्या लेथवर लाकूड कातायचे. लेथचं बटण झिजून कायमचं आत रुतलं होतं. खरं तर वीज गेली की ते बाहेर यायला हवं. मग वीज परतली तरी मशीन आपोआप फिरत नाही. सोमवारी वायरमननं नवी स्प्रिंग बसवली. गुरुवारी वीज गेली, परत आली, मशीन फिरलं आणि कातारींच्या मुलीची दोन बोटं मोडली.

"नंतर दहादा तपासलं. दहाही वेळा बटण बाहेर येतं. पण माझं ऐकतं कोण?"

तासाभरात तिघं कारखान्यात पोचले. बटण मशीनच्या पायाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर होतं. त्याच्या समोर चार बोटांवर लोखंडी आडपट्टी. पट्टीवर भुशाचा थर बसलेला, फक्त बटणासमोर एक गोल जागा स्वच्छ होती.

आधी कातारींचे जावई बोलले. "हे धूड काढा म्हणून मी कधीचा कानीकपाळी ओरडतोय. पण मी रविवारीच बाहेरगावी गेलो, तो अपघाताचं कळल्यावर परतलो."

भावजींनी मुद्दाम खाकरून घेतलं. वहिनींनी तिकडे लक्ष दिलं नाही.

मुलीचा हात बँडेजमध्ये होता. "जेवणानंतर मी दारापाशी भिंतीवरचा खटका टाकला, मशीन सुरू झालं. मग वीज गेली. बटण दुरुस्त झालंय म्हणून लाकूड बदलायला बिनधास्त हात घातला."

"नंतर मशीन कुणी थांबवलं?"

"बाबांनी. भिंतीवरचा खटका बंद केला, मग मशीनपाशी खालीच बसले बिचारे. शेजाऱ्यांनी धरून उठवलं."

कातारी भिंतीला हात टेकून उभे होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"सोमवारनंतर मशीनवर कोण होतं, काका?"

"मीच. ही गुरुवारी पहिल्यांदा."

वहिनी फळीपाशी गेल्या. कपाटाच्या मुठी ओळीनं मांडल्या होत्या. त्यातून त्यांनी चार बोटं लांबीचा एक सरळ तुकडा उचलला, मेण लावून चकचकीत केलेला. "ही कसली मूठ?"

"नमुना असेल कसला तरी."

वहिनींनी खाली बसून तो तुकडा आडपट्टी आणि बटण यांच्या मधे धरला. तो नेमका बसला. बटण दाबलेलंच राहिलं.

"म्हणजे जावयांनी..." भावजींनी सुरुवात केली.

"ते गावातच नव्हते, भावजी. नीट ऐका. बटण दाबल्याशिवाय मशीन सुरू व्हायला नको. पण हिनं नुसता भिंतीवरचा खटका टाकला आणि ते सुरू झालं. म्हणजे बटण आधीच कुणीतरी अडकवलं होतं. तोवर मशीन फक्त काका वापरत होते. आणि खटका बंद केल्यावर मशीन थांबलंच होतं. मग गुडघे वाकत नसलेला माणूस जमिनीवर कशाला बसेल? हा तुकडा काढायला. मग फेकून का नाही दिला? हातानं कातलेली वस्तू फेकवली नसेल."

मग कातारीच बोलले.

"बटण रुतलेलं होतं तेव्हा बरं होतं. उभ्या उभ्या खटक्यावर काम चालायचं. यानं दुरुस्त केलं आणि दर वेळी वाकायची पाळी आली. मला वाकवत नाही. हिला ते सांगायचं नव्हतं."

"एवढंच होतं तर बोलायचं ना, बाबा."

"बोललो असतो तर मला मशीनवर उभं राहू दिलं असतंस?"

मुलगी खोटं बोलली नाही. "नाही," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

कातारींनी कागद मागितला. आपली चूक सविस्तर लिहिली, सही केली आणि कागद वायरमनच्या हातात दिला. "माझ्या गप्प राहण्यानं तुझं नाव खराब झालं. चारला मीही येतो, तिथेही सांगतो."

वायरमननं कागद घडी करून खिशात ठेवला. राग गेला नव्हता, पण म्हाताऱ्याकडे बघून त्याला राहवेना. "काका, बटण वर घेऊन देतो. तुम्हाला वाकायला नको. किती उंचीवर लावू?"

कातारी मुलीच्या बँडेजकडे बघत राहिले.

"माझी उंची नको घेऊ," ते म्हणाले. "तिची घे."